ध्रुवयानाचा ज्याचा त्याचा शेवट

‘ध्रुवयान’चं सत्ताविसावं पर्व सुरू झालं त्या शनिवारी पद्मजा मगदूमला तक्रार करायला काही उरलं नाही.

भाग संपला तसा तिने चष्मा काढला आणि शेजारी पाहिलं. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला तिचा नवरा धनपाल चौगुले स्वतःचा चष्मा अजून डोळ्यांवर ठेवून हसत होता. गेला पाऊण तास तो अधूनमधून असाच हसत होता, आणि नेमकं त्याच वेळी तिच्या डोळ्यांना पाणी येत होतं. दोघं एकच मालिका पाहत होते, निदान नावाने तरी.

“कसा होता?” चष्मा उतरवत त्याने विचारलं.

“छान होता.”

“मलाही छान वाटला.”

पुढे काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. धनपाल उठला आणि पाण्याची बाटली भरायला गेला. ती भरलेलीच होती.

असं याआधी कधी झालं नव्हतं. दूरच्या एका ताऱ्याकडे निघालेलं मोठं यान, त्यात चारशे माणसं, कप्तान सारंगा दळवी आणि खंडू नावाचा दुरुस्तीचा यंत्रमानव, एवढ्या सामग्रीवर ही मालिका वर्षानुवर्षं चालली होती. यान पोचत नव्हतं आणि मालिका संपत नव्हती. वाटेत लागणारा प्रत्येक ग्रह म्हणजे तेच एक कातळाचं पठार, कधी लाल उजेडात, कधी हिरव्या. इचलकरंजीतल्या चाहत्यांना त्या पठारावरची झुडपंसुद्धा ओळखीची झाली होती. ते मालिकेला नावं ठेवायचे आणि एकही भाग चुकवायचे नाहीत.

खरी फूट पडली ती नवव्या पर्वात. आठव्याच्या शेवटी खंडू यान वाचवताना जळून गेला होता. नवव्याच्या पहिल्याच दृश्यात कप्तान झोपेतून दचकून उठली, आठवं पर्व हे तिचं स्वप्न होतं असं ठरलं आणि खंडू चहाचा ट्रे घेऊन आत आला. त्या दिवसापासून चाहत्यांत दोन तट झाले. स्वप्न मान्य करणारे ‘झोपाळू’ आणि न करणारे ‘जागे’. पद्मजा जाग्यांची पुढारी होती. गेलेल्याला असं परत आणायचं असेल तर त्याच्या जाण्याला किंमत काय, हा तिचा मुद्दा. धनपाल झोपाळूंचा वकील. “खंडू परत आला की नाही? मग कसा आला याची चौकशी कशाला?” हा त्याचा.

दोघांचे व्यवसायही त्यांच्या स्वभावाला साजेसे होते. पद्मजा सूत तपासायच्या प्रयोगशाळेत होती. धागा तुटेपर्यंत ताणायचा आणि तो कुठे कच्चा आहे ते सांगायचं, हे तिचं काम. धनपालचं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि भाग बदलला की कुठलाही माग चालतो यावर त्याची श्रद्धा होती.

त्यांची गाठ पडली ती पंचनाम्यात. शनिवारचा भाग झाला की रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये चाहते जमत आणि भागाचा रीतसर पंचनामा होई. टपाल खात्यातून निवृत्त झालेले बापू कोरे मुख्य पंच. नियम एकच, पण कडक: आधी काय दिसलं ते सांगायचं, मग कसं वाटलं ते. दृश्याचं वर्णन सगळ्या पंचांनी मान्य केल्याशिवाय कुणाला ‘भिकार’ किंवा ‘झकास’ म्हणायची मुभा नव्हती. पद्मजा फिर्यादीच्या खुर्चीत बसायची, धनपाल बचावाच्या. भांडता भांडता एके दिवशी लग्न ठरलं. घरात अजूनही तो तिला ‘फिर्यादी’ म्हणायचा आणि ती त्याला ‘चौगुले’.

सत्ताविसावं पर्व शेवटचं आहे असं कंपनीने जाहीर केलं, तेव्हा त्याबरोबर चष्मेही आले.

चष्म्यामागचं विज्ञान कंपनीने एका माहितीपटात सांगितलं होतं, आणि इचलकरंजीकरांना ते चटकन समजलं, कारण ते त्यांच्याच भाषेत बसत होतं. कंपनी आता तयार भाग पाठवत नव्हती. ती फक्त ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, पाठवायची: कथेचा सांगाडा, पात्रांचे चेहरे आणि आवाज, यानाच्या खोल्या. आडवा बाणा घरोघरी विणला जायचा. चष्म्याच्या काड्या कानशिलावर नाडी मोजत, काचेतला बारीक डोळा डोळ्याच्या बाहुलीचा आकार टिपे. त्यावरून यंत्र पुढच्या काही क्षणांचे अनेक तुकडे आधीच करून ठेवी आणि बघणाऱ्याच्या अंगाला जो सगळ्यात मानवेल तो पुढे सरकवी. कंटाळा येतोय असं दिसताच प्रसंग बदले. राग येणार असं दिसलं, तर रागाचं कारण घडतच नसे.

साधी, सगळ्यांना सारखी अशी प्रत नव्हतीच. दुसऱ्याचा चष्मा घालून उपयोग नव्हता, कारण तो मालकाची बुबुळं ओळखल्याशिवाय सुरू होत नसे. तोच भाग पुन्हा लावला तर विणकाम पुन्हा नव्याने व्हायचं. पहिल्यांदा पाहिलेलं पुन्हा हाती लागत नसे.

पहिल्या भागानंतरच्या रविवारी बापूंनी नेहमीसारखा घसा साफ केला.

“पहिलं दृश्य. कोण सांगतंय?”

“खंडूचं स्मारक,” पद्मजा म्हणाली. “यानाच्या मधल्या चौकात. आठवं पर्व खरं होतं, हे कप्तानने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं.”

“स्मारक?” धनपाल म्हणाला. “अगं, खंडू जिवंत आहे. बागेत मिरच्या लावत होता.”

“कसली बाग?” इस्पितळात क्ष-किरण विभागात काम करणाऱ्या फरजाना मुजावरने विचारलं. “माझ्यात तर यानावर बंड झालंय. कप्तान कोठडीत आहे. काय दिसते हो कोठडीत, राणीसारखी!”

बापूंनी प्रत्येकाला विचारलं. जितकी माणसं तितकी यानं निघाली. कुणीही कुणाचं वर्णन मान्य करू शकलं नाही आणि खोटंही ठरवू शकलं नाही.

“पंचनामा करायचा तर प्रेत एकच लागतं,” बापू शेवटी म्हणाले. “इथं प्रत्येकाच्या घरी एकेक, आणि सगळी ठणठणीत. चहा सांगा.”

चहा झाला. सगळे खुशीत होते, त्यामुळे बोलायला कुणाकडे काही नव्हतं. पुढच्या रविवारी निम्मेच आले. त्याच्या पुढच्या रविवारी वाचनालयाच्या शिपायाने हॉल उघडलाच नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

घरातही तेच चाललं होतं. सूर्यास्ताच्या आत जेवण आटोपायची रीत त्यांनी सासूबाईंच्या माघारीही ठेवली होती. पूर्वी जेवणानंतरचा वेळ वादाचा असायचा. आता धनपाल हात पुसतो न पुसतो तोच चष्मा चढवायचा. जुनी पर्वंही आता विणून मिळत होती. नववं त्याने नव्याने पाहिलं, मग पंधरावं. शेजारच्या अक्कांनी एकदा जिन्यात पद्मजाला विचारलं, “चौगुले गावाला गेलेत का गं? आवाज नाही घरातून.”

“घरातच आहेत.”

“मग बरं नाही का?”

“उलट खूप बरं आहे त्यांना,” पद्मजा म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने त्याच्या खांद्याला हात लावला. “काय दिसलं आज?”

“तुला नाही आवडणार.”

“मी विचारलं काय दिसलं. आवडायचं नंतर बघू.”

“जाऊ दे ना, पद्मा,” तो म्हणाला आणि काच पुन्हा डोळ्यांवर आली. ‘फिर्यादी’ म्हणाला नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

चष्म्यात ‘एकत्र’ नावाची एक सोय होती. दोन किंवा अधिक चष्मे जोडले की सगळ्यांना एकच भाग दिसायचा. फारसं कुणी ती वापरत नसे. शेवटच्याच्या आदल्या भागाला तिने ती लावायची गळ घातली.

“एकदाच, चौगुले. शास्त्रीय कुतूहल म्हण.”

“तू आणि तुझं शास्त्र! बरं, लाव.”

यंत्राने दोन नाड्या जुळवायला घेतल्या. भाग सुरू झाला. कप्तान खुर्चीत बसली. धनपालला बरं वाटलं, पद्मजाला कंटाळा आला, म्हणून कप्तान उठली. मग ती परत बसली. दारात खंडू दिसला. धनपालचं मन उचंबळलं, पद्मजाच्या कपाळावर आठी चढली, आणि खंडू आला तसा मागे गेला. थोड्या वेळाने त्याने पुन्हा डोकावलं. पुन्हा मागे. कप्तान म्हणाली, “आता एक मोठा निर्णय घ्यायला हवा,” आणि खिडकीबाहेर बघत राहिली. खंडू चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यापर्यंत आला, थबकला, ट्रेसकट उलट्या पावली निघून गेला.

पद्मजाने ओठ घट्ट मिटून धरले. सोफा हलतोय असं तिला वाटलं. धनपाल हसत होता.

“अगं, त्याला आत तरी येऊ दे!”

“मी कुठे अडवलंय? तू त्याला बोलावणं थांबव!”

दोघांच्या नाड्या धावायला लागल्या. यंत्राला हसू आणि आवड यांतला फरक कळत नव्हता. हे प्रेक्षकांना फार मानवतंय असं धरून त्याने खंडूच्या फेऱ्या वाढवल्या. शेवटी तर दोन खंडू झाले, एक येणारा आणि एक जाणारा, आणि दारातच एकमेकांना धडकले. पद्मजाने चष्मा काढून पोट धरलं.

“सव्वीस पर्वांत एवढा भिकार भाग झाला नाही,” धनपाल डोळे पुसत म्हणाला.

“बचाव पक्ष म्हणतोय हे?”

“बचाव पक्षाने वकीलपत्र मागे घेतलंय.”

ती हसत होती, पण मनात एक गोष्ट पक्की झाली होती. हसू ओसरू न देता तिने ती बोलून टाकली.

“पुढच्या शनिवारी शेवटचा भागही असाच बघू. कसा का निघेना. बापूंना, फरजानाला, सगळ्यांना बोलावू. सगळ्यांचे चष्मे जोडू.”

धनपालचा चेहरा हळूहळू गंभीर झाला.

“नको.”

“का?”

“आजची गंमत झाली. पण शेवट असा नको मला.” तो चष्म्याच्या काड्या उघडत मिटत राहिला. “पद्मा, एक सांगू? रागावू नकोस. दर रविवारी मी बचाव करत आलो. मला एखादी गोष्ट आवडली की तू ती ताणायला घ्यायचीस, तुटेपर्यंत. मग मी ती जोडत बसायचो. नुसती आवडून घ्यायला सवडच मिळाली नाही कधी. हा शेवट मी पहिल्यांदाच माझ्यापुरता बघणार आहे. तेवढा राहू दे.”

पद्मजाला उत्तर सुचलं होतं. तिला ते नेहमीच सुचायचं. ते तिने गिळलं.

आठवडाभर प्रयोगशाळेत धागे तुटत राहिले आणि ती आकडे नोंदवत राहिली. धनपालचं म्हणणं खरं होतं, ही अडचण होती. पंचनामा हा दोघांचा खेळ आहे असं ती धरून चालली होती. त्यातला एकजण इतकी वर्षं दमत होता, आणि त्याला विश्रांती द्यायला एक यंत्र यावं लागलं होतं. ते यंत्र काढून घ्यायचा आपल्याला काय अधिकार? पण ते असंच राहिलं, मालिका संपली, जुन्या पर्वांत रमायला तो मोकळा झाला, तर उरलेल्या आयुष्यात आपण एकमेकांना ‘छान होता’ एवढंच म्हणत राहणार, हेही तिला स्वच्छ दिसत होतं.

शनिवारी जेवण झाल्यावर ती म्हणाली, “तू हॉलमध्ये बस. मी आतल्या खोलीत बसते. तुझा शेवट तुझा. संपल्यावर वाटलं तर मला काय दिसलं ते सांग. मी फिर्याद करणार नाही.”

“करणार नाहीस?”

“शब्द दिला.”

त्याने संशयाने तिच्याकडे पाहिलं, मग मान डोलावली.

आतल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून तिने चष्मा चढवला. तिचं यान तिला हवं तसंच होतं. खंडूचं स्मारक जागेवर होतं. यंत्रांचे आवाज बरोबर होते, गुरुत्वाकर्षणाचं गणित चोख होतं. मधल्या चौकात सगळे जमले आणि कप्तान सारंगा दळवी सरळ तिच्याकडे बघून बोलू लागली. आमच्या चुका झाल्या, ती म्हणाली. स्वप्नाची पळवाट काढायला नको होती. तेराव्या पर्वात इंधनाचा हिशेब चुकला. ज्यांनी वेळोवेळी हे दाखवून दिलं त्यांचं आम्ही ऐकायला हवं होतं. मागे चारशे माणसं खाली मान घालून उभी होती.

पद्मजाचे कान तापले. वर्षानुवर्षं तिला हेच हवं होतं, यंत्राने ते बरोबर ओळखलं होतं. आणि आता ते समोर आल्यावर, लग्नाच्या पंगतीत कुणी आपल्यासाठी सगळ्यांना उठून उभं करावं, तसं ओशाळल्यासारखं झालं. तिने चष्मा काढून उशीखाली सरकवला. मग भिंतीकडे बघत, पलीकडच्या खोलीतून काही ऐकू येतंय का याचा कानोसा घेत बसली. हसण्याचा आवाज नव्हता.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. धनपाल उंबऱ्यात उभा होता, डोळे लाल.

“झाला तुझा?”

“मी मध्येच काढला.”

“का?”

“मालिका माझी माफी मागायला लागली.”

“सगळी मालिका?”

“कप्तानसकट. मला बघवेना.”

तो हसेल असं तिला वाटलं होतं. हसला नाही. आत येऊन तिच्या शेजारी बसला.

“मग शेवटी काय होतं ते तुला माहीतच नाही.”

“नाही. तू सांग.”

“यान पोचतं,” तो म्हणाला. “ग्रह समोर येतो. पठार नाही. खरा ग्रह, ढग असलेला. पण तिथली हवा माणसांच्या कामाची नाही. कुणीच उतरू शकत नाही. इतकी वर्षं प्रवास करून कुणीच नाही.”

पद्मजा दचकली. त्याच्या शेवटात सगळे नाचत खाली उतरतील, असं ती गृहीत धरून बसली होती. “तुला हे हवं होतं?”

“मला काय माहीत? मलाही वाटलं होतं की सगळे उतरतील. यंत्राने हे काढलं. फक्त खंडू जाऊ शकतो. तो एकटा जातो. आणि खाली उतरून सांगायला लागतो. पायाखाली काय आहे, वारा कुठून येतोय, पाण्याचा रंग कसला आहे. वर सगळे कान देऊन ऐकत बसलेले. कप्तान म्हातारी झालीय, ती डोळे मिटून ऐकते. तो एकेक वस्तू उचलतो आणि सांगतो. कुणी मध्ये बोलत नाही. तेवढंच. तो सांगत असतानाच संपतं.”

मालिकेने तिला कधी असं काही दाखवलं नव्हतं. तिला ते यान दिसलं, ऐकणारी माणसं दिसली. आणि त्याच वेळी, सवयीप्रमाणे, डोक्यात एक खिळा टोचायला लागला. तिने दात दाबून धरले. उशीची शिवण नखाने उसवायला घेतली.

“कसा वाटला?” धनपालने विचारलं.

“सुंदर आहे.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“पद्मा, तुझं तोंड बघ आरशात. शिंक अडवून धरल्यासारखं झालंय.”

“मी शब्द दिलाय.”

“तो मी परत केला.” तो तिच्याकडे वळून मांडी घालून बसला. “मला आवडून घ्यायचं होतं ते मी बाहेर बसून घेतलंय. मनसोक्त. आता बोल की. तू गप्प बसलीस तर मला करमणार नाही, फिर्यादी.”

पद्मजाने एक श्वास घेतला.

“खंडूच्या डोळ्यांत कॅमेरा आहे,” ती म्हणाली. “तिसऱ्या पर्वापासून आहे. त्याला जे दिसतं ते यानात पडद्यावर दिसतं. मग त्याने तोंडाने सांगायची गरज काय?”

धनपालने मांडी मोडली.

“कॅमेरा बिघडला होता.”

“कधी? दाखवलं का?”

“सगळं दाखवायला कशाला हवं? उतरताना बिघडला.”

“उतरताना म्हणजे धक्क्याने की हवेने? हवेने बिघडला असेल तर आवाजाचं यंत्र कसं शाबूत राहिलं?”

“आवाजाचं आत असतं! छातीत! सोळाव्या पर्वात त्याची छाती उघडली होती, आठव!”

“सोळावं मी मानत नाही.”

“का म्हणून मानत नाहीस?” धनपालचा आवाज चढला. तो उठून पलंगासमोर उभा राहिला आणि खंडूची छाती कुठे उघडते ते स्वतःच्या सदऱ्यावर बोट ठेवून दाखवू लागला. त्याचं पुरतं दाखवून व्हायच्या आत पद्मजाने दुसरा मुद्दा काढला.